काम बारमाही, माणूस तात्पुरता

'परमनंट' या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला कोशात शोधावा लागत नाही. स्थळ बघताना पगाराचा आकडा नंतर येतो, आधी विचारलं जातं, "परमनंट आहे ना?" एमआयडीसीच्या गेटवर, जिल्हा परिषदेच्या आवारात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये याच शब्दाने माणसांचे दोन गट पडतात. 'कायम' हा आपल्याकडे पूर्ण रुळलेला शब्द होता, सरकारी कागदावर तो आजही आहे. पण बोलण्यात त्याचा अर्थ 'नेहमी' असा पातळ झाला. 'तो कायम उशिरा येतो' म्हणताना आपण त्याच्या नोकरीबद्दल बोलत नसतो. नोकरीपुरता इंग्रजी शब्द चिकटला तो चिकटलाच.

हा शब्द वापरताना आपण त्याला 'न संपणारं' असा अर्थ चिकटवतो. व्यवहारात तो तसा कुठेच नसतो. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यानंतर तीस दिवसांनी ज्यासाठी चाचणी देता येते त्याला सगळे 'परमनंट लायसन्स' म्हणतात. त्यावर मुदत छापलेली असते. 2019 च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आतल्या माणसाला ते वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत मिळतं, तीस ते पन्नास वयात घेतलं तर दहा वर्षांसाठी. 'परमनंट अ‍ॅड्रेस'च्या रकान्यात लोक गावचा पत्ता लिहितात, तिथल्या घराला अनेकदा कुलूप असतं. परमनंट मार्करची शाई कापडाच्या धाग्यात शिरली की जात नाही, पण तीच पांढऱ्या फळ्यावर उमटली तर वरून फळ्याचा साधा मार्कर गिरवून लगेच पुसली की निघते, कारण त्यातलं द्रावक खालची शाईही विरघळवतं. टिकणं शाईत नव्हतंच, पृष्ठभागात होतं. शब्दाला खरोखर जागतो तो पॅन क्रमांक. आडनाव बदला, शहर बदला, दहा अक्षरांची ती ओळ बदलत नाही.

मोठ्या गोष्टींतही तेच. कॉर्नवॉलिसने 1793 मध्ये बंगालमध्ये आणलेला कायमधारा, म्हणजे जमीनदारांनी भरायचा सारा कायमचा ठरवून देणारी पद्धत, नावाप्रमाणे कायमचा होता. स्वातंत्र्यानंतर जमीनदारी निर्मूलनाच्या कायद्यांनी तो संपवला. आपल्याकडे 'कायम विनाअनुदानित' शाळा निघाल्या, म्हणजे कधीच अनुदान मागणार नाही या अटीवर परवानगी मिळालेल्या. जुलै 2009 मध्ये शासन निर्णय निघाला आणि त्यातला 'कायम' हा शब्द वगळण्यात आला. एक विशेषण खोडण्यासाठी शिक्षकांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. तो शब्द गेल्यावरही अनुदान आलं ते वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी.

मग नोकरीतलं 'परमनंट' म्हणजे नेमकं काय? महाराष्ट्र शासनाचा परमनंट कर्मचारी 58 व्या वर्षी घरी जातो, गट ड मधला 60 व्या वर्षी. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्याच्या हातात सहसा जुनी पेन्शन नाही. गैरवर्तन सिद्ध झालं तर त्याला काढता येतं, पद रद्द झालं तर तो अतिरिक्त ठरतो. तेव्हा परमनंट नोकरी न संपणारी नसते. तिच्या नेमणुकीच्या आदेशावर संपण्याची तारीख लिहिलेली नसते, एवढाच फरक. ज्याला काढायचं आहे त्याला कारण द्यावं लागतं. कंत्राटी माणसाला कारण द्यावं लागत नाही, तारीख येते आणि तो जातो. सगळा झगडा या कारण देण्याच्या बंधनाचा आहे. 'आयुष्यभराची हमी कशाला द्यायची?' हा प्रश्न विचारणारे नसलेल्या गोष्टीवर हल्ला करत असतात.

आमचं म्हणणं यापुढचं आहे. परमनंट हे विशेषण आपण माणसाला लावतो, ते आधी कामाला लावून बघायला हवं. कायद्यात यासाठी दुसरा इंग्रजी शब्द होता, 'पेरेनियल'. त्याला मराठीत फार चांगला शब्द आहे: बारमाही. विहीर बारमाही असते, ओढा बारमाही असतो, तसं काम बारमाही असतं. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कंत्राटी कामगार कायदा 1970 च्या कलम 10 मध्ये एखाद्या कामातली कंत्राटी पद्धत बंद करताना सरकारने काय बघावं ते दिलं होतं: काम त्या उद्योगाला आवश्यक आहे का, बारमाही आहे का, अशा आस्थापनांत ते एरवी नेहमीचे कामगार करतात का, पुरेशा पूर्णवेळ माणसांना पुरेल इतकं आहे का. याच कायद्यात बारमाहीच्या उलट, म्हणजे अधूनमधून निघणाऱ्या कामाचंही माप होतं. मागच्या बारा महिन्यांत 120 दिवसांहून जास्त चाललेलं काम अधूनमधूनचं मानायचं नाही. हंगामी असेल तर 60 दिवसांहून जास्त. शहराचा कचरा वर्षातले 365 दिवस निघतो. रुग्णालयाची फरशी रोज पुसावी लागते. या मापाने पाहिलं तर वादाला जागा उरत नाही. तरी वाद होतो, कारण मोजमाप कामाचं न करता माणसाचं केलं जातं.

माणसाचं मोजमाप म्हणजे 240 दिवस. हा आकडा कामगारवस्तीत पोरासोरांनाही पाठ आहे आणि बहुतेकांना अर्धवट. '240 दिवस भरले की परमनंट' असं सरसकट म्हटलं जातं. औद्योगिक विवाद कायद्यातले 240 दिवस परमनंट करण्यासाठी नव्हतेच. कलम 25-ब प्रमाणे ते 'सलग सेवा' मोजायचे. ते भरले असतील तर कामगारकपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि पूर्ण झालेल्या दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागे. परमनंट करण्याचं बंधन महाराष्ट्रात वेगळ्या ठिकाणी होतं: आदर्श स्थायी आदेशांतल्या, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुन्यातल्या, 4-सी या कलमात. बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने मागच्या बारा महिन्यांत एकूण 240 दिवस (हंगामी आस्थापनेत 190) अखंड सेवा दिली, तर व्यवस्थापकाने सहीच्या लेखी आदेशाने त्याला परमनंट करायचं, मग त्या बारा महिन्यांत त्याचं नाव सतत मस्टरवर असो वा नसो. रजा, अपघात किंवा कामगाराचा दोष नसताना बंद राहिलेलं काम यांमुळे ही सेवा खंडित धरत नाहीत.

आता हिशेब करू, कारण फसवणूक हिशेबातच होते. 29 दिवसांची ऑर्डर, मग एक दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा 29 दिवस, हा जुना खेळ. वर्षात असे बारा ब्रेक पडतात. 365 मधून 12 गेले, राहिले 353. आठवड्याची सुट्टी बिनपगारी धरून 52 रविवार वजा केले तरी 301 उरतात. म्हणजे एक दिवसाच्या ब्रेकने 240 चुकत नाहीत. उलट, सुट्टी पगारी असेल तर ती कामाच्या दिवसांत धरायची, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या प्रकरणात दिलेला आहे. 29 दिवसांच्या ऑर्डरला घाबरणारा कामगार उगाच घाबरतो. खरी कात्री लागते ती सात महिन्यांच्या ऑर्डरमध्ये. कोणतेही सलग सात महिने घ्या, रविवारासकट दिवस भरतात 212 ते 215. आठ महिने केले तर किमान 242 होतात. म्हणून पुणे पट्ट्यातल्या कारखान्यांत 'सात महिनेवाले' हा स्वतंत्र वर्गच तयार झाला. सात महिने झाले की कार्ड जमा करायचं आणि दुसऱ्या गेटवर उभं राहायचं. तोच माणूस तीन महिन्यांनी परत घेतला तर बारा महिन्यांच्या खिडकीत सात अधिक दोन असे नऊ महिने भरतात, म्हणून त्याला पाच महिने तरी लांब ठेवतात किंवा मधल्या काळात त्याचं नाव दुसऱ्या ठेकेदाराच्या यादीत जातं. लाइनवरचं स्टेशन मात्र एक दिवसही रिकामं राहत नाही. तिथे वर्षभर माणूस उभा असतो, फक्त चेहरे बदलतात. बारमाही काम, सातमाही माणूस.

मुंबईच्या गिरण्यांत याला 'बदली' म्हणत. बदली कामगार सकाळी दाराशी यायचा, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या साच्यावर उभा राहायचा. त्या शब्दात निदान प्रामाणिकपणा होता. कुणाच्या तरी परमनंट जागेवर आपण आज आहोत, हे त्यात स्पष्ट होतं. आजच्या 'ट्रेनी', 'असोसिएट', 'प्रशिक्षणार्थी' या शब्दांत मूळ जागाच दिसत नाही. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये महिना असं विद्यावेतन ठरलं, मुदत सहा महिने. पुढे मुदत वाढवावी लागली आणि प्रशिक्षणार्थी कायम करा म्हणून रस्त्यावर आले. त्यांना हसणारे बरेच भेटले. पण कार्यालयात त्यांना जे दिलं होतं ते टपाल नोंदवणं, संगणकावर माहिती भरणं, ही कामं रोजची असतील तर प्रशिक्षण कसलं चाललं होतं?

महाराष्ट्राकडे या खेळाविरुद्ध एक चांगलं हत्यार आहे. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा 1971 चा कायदा, ज्याला कामगार आणि वकील दोघेही 'एमआरटीयू-पल्प' म्हणतात. त्याच्या चौथ्या परिशिष्टात, सहाव्या बाबीत, कामगारांना परमनंटचे हक्क मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षं बदली, कॅज्युअल किंवा तात्पुरतं ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा ठरवली आहे. तक्रार कलम 28 खाली औद्योगिक न्यायालयात करायची, घटनेपासून 90 दिवसांत. तात्पुरतं ठेवणं रोज चालूच असतं, म्हणून नोकरीत असेपर्यंत मुदतीची अडचण सहसा येत नाही. लोक चुकतात ते इथे: 'आता साहेबांशी वाकडं कशाला' म्हणत थांबतात आणि काढून टाकल्यावर तक्रार करतात. तेव्हा 90 दिवसांचं घड्याळ चालू झालेलं असतं, बाब बदलून पहिली, म्हणजे कामावरून काढण्याची, झालेली असते, न्यायालय बदलून कामगार न्यायालय झालेलं असतं आणि आधी नोकरी परत मिळवावी लागते. नोकरीत असताना गेलेल्याला कलम 30(2) खाली अंतरिम आदेश मागता येतो, निकाल लागेपर्यंत काढू नये असा.

दुसरी चूक कागदांची. 240 दिवस भरले हे सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर आहे, आणि नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या हदिमनी प्रकरणात सांगितलं. कामगाराकडे मस्टर नसतं, मालकाकडे असतं. म्हणून स्वतः साक्षीला उभं राहून मस्टर, वेतन नोंदवही, नेमणुकीचे आदेश हजर करावेत असा लेखी अर्ज द्यायचा. अर्ज देऊनही मालकाने ते दिले नाहीत तर न्यायालय त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकतं. अर्जच केला नाही तर ती संधी गेली. गेट पास, ईएसआयचं कार्ड, पीएफचं पासबुक, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी, ड्युटीचं वेळापत्रक हे सगळं सांभाळून ठेवावं. प्रत्येक कागदावर नाव एकाच पद्धतीने आहे ना, तेही बघावं. आधारवर वडिलांचं नाव मधे, पासबुकात आडनाव आधी, मस्टरवर टोपणनाव, अशा तीन नावांचा एकच माणूस सिद्ध करण्यात वर्ष जातं.

ठेकेदारामार्फत असलेल्यांची अडचण निराळी. 2001 मध्ये सिप्ला आणि कल्याणी स्टील्स या दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर एमआरटीयू-पल्पची तक्रार चालत नाही. आधी नातं सिद्ध करून या. ठेका बनावट आहे हे ठरवायला कामगार आयुक्तांकडे वाद न्यायचा, समेट झाला नाही की तो न्यायाधिकरणाकडे जातो. चुकीच्या दारात पाच-सहा वर्षं उभं राहून परत आलेल्या संघटना पुष्कळ आहेत. न्यायाधिकरण काय पाहतं? नेमणूक कोण करतो, पगार कोण देतो, काढण्याचा अधिकार कुणाला, शिस्तीची कारवाई कोण करतो, सेवा सलग आहे का, रोजच्या कामावर देखरेख कुणाची. पीएफच्या पासबुकात दर दोन वर्षांनी आस्थापनेचं नाव बदललेलं आणि कामाची जागा मात्र तीच, हे एक पान बरंच काही बोलतं. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतुकीच्या ठेक्यांवरील सुमारे 2,700 कामगारांना याच वाटेने न्यायाधिकरणाचा निवाडा मिळाला आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. 10 एप्रिल 2006 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने उमादेवी प्रकरणात सांगितलं की सरकारी नोकरीत मागच्या दाराने आलेल्याला केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम करता येणार नाही. जाहिरात नाही, स्पर्धा नाही, आरक्षण नाही आणि साहेबांच्या चिठ्ठीवर लागलेला दहा वर्षांनी परमनंट होतो, मग अभ्यास करून परीक्षेची वाट पाहणाऱ्या मुलीचं काय? हा प्रश्न अगदी रास्त आहे. राज्यघटनेतलं समान संधीचं कलम 16 तिच्यासाठीही आहे. कायम करण्याची मागणी करणाऱ्या संघटना या मुलीला उत्तर देत नाहीत, ही त्यांची खरी उणीव.

पण उमादेवीच्या निकालात आणखीही काही होतं. मंजूर पदांवर, पात्रता असलेले, दहा वर्षं काम केलेले जे लोक नियमबाह्य नव्हे तर नुसत्या अनियमित पद्धतीने लागले होते, त्यांना एकदाच नियमित करा आणि रिकाम्या पदांची रीतसर भरती करा, असं त्यात सांगितलं होतं. सरकारी खात्यांनी पहिला अर्धा वाचला. ना नियमित केलं, ना भरती केली. निकाल ढालीसारखा पुढे धरला आणि ठेके काढले. ठेक्यात तर आरक्षण औषधालाही नसतं, जाहिरातही नसते. उमादेवीने जी स्पर्धा वाचवायची होती ती ठेक्याने पुरती संपवली. सर्वोच्च न्यायालयाच्याही हे लक्षात आलेलं दिसतं. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय जल आयोगाच्या कार्यालयात वर्षानुवर्षं साफसफाई आणि बागकाम करणाऱ्यांच्या जग्गो प्रकरणात न्यायालयाने त्यांना नियमित करायला सांगितलं आणि उमादेवीचा असा वापर चुकीचा ठरवला. त्याआधी, 2009 मध्ये, एसटीच्या गाड्या धुणाऱ्या सफाई कामगारांच्या कास्ट्राइब प्रकरणात, उमादेवीमुळे औद्योगिक न्यायालयाचे एमआरटीयू-पल्पखालचे अधिकार कमी होत नाहीत, हे स्पष्ट झालं होतंच. तिथेही एक मर्यादा मात्र कायम राहिली: पद नसेल तर न्यायालय पद निर्माण करू शकत नाही.

सगळं येऊन अडतं ते इथे, पदावर. आणि पद निर्माण करणं सरकारच्या हातात. आपल्या सरकारचं पदांशी असलेलं नातंही बघण्यासारखं आहे. दर काही महिन्यांनी मंत्रालयातून 'अस्थायी पदांना मुदतवाढ' देणारे शासन निर्णय निघतात. त्या पदांवर रीतसर निवड झालेले लोक बसलेले असतात, काहींनी 'स्थायित्व लाभ प्रमाणपत्र'ही घेतलेलं असतं. माणूस स्थायी आणि खालची खुर्ची अस्थायी! एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांत सुरू झाली. पन्नास वर्षं उलटली, तरी अंगणवाडी सेविकेला वेतन नाही, 'मानधन' आहे, कारण ती 'योजने'त काम करते. तिला ग्रॅच्युइटी द्यावी लागेल हे ठरायला 2022 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. पोरं जन्मायची थांबतील तेव्हा हे काम संपेल.

2023 मध्ये राज्य सरकारने नऊ संस्थांमार्फत बाह्यस्रोतांतून मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, त्यात अभियंत्यापासून शिक्षकापर्यंतची पदं होती. ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनी पद्धत तुम्हीच सुरू केली असं एकमेकांना सुनावलं. दोघांचंही बरोबर होतं.

'परमनंट झाला की माणसाचा हात चालत नाही' हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. काही ठिकाणी तो खरा आहे. पण त्याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. स्थायी आदेशांत उमेदवारीचा काळ तीन महिन्यांचा होता, सरकारी सेवेत तो मोठा असतो. या काळात कामाचं लेखी मूल्यमापन करायचं असतं. ते होत नाही, मुदत संपते आणि माणूस आपोआप पुढे सरकतो. नंतर काम चुकलं तर मेमो, आरोपपत्र, चौकशी असा रस्ता आहे. त्यासाठी वरिष्ठाने तारखेसह नोंदी ठेवाव्या लागतात. त्या तो ठेवत नाही, कारण चौकशी चालवणं कटकटीचं आणि ठेका सोपा. आळस वरून सुरू होतो आणि दोष खालच्याला लागतो.

शिक्षण सेवक ही या संदर्भात विचार करण्याजोगी मधली वाट. सन 2000 पासूनच्या या पद्धतीत तीन वर्षं ठरावीक मानधन आणि ती समाधानकारक झाली की नियमित वेतनश्रेणी. मानधन लाजिरवाणं होतं. 1 जानेवारी 2023 पासून प्राथमिकसाठी ते 6,000 वरून 16,000, माध्यमिकसाठी 8,000 वरून 18,000 आणि उच्च माध्यमिकसाठी 9,000 वरून 20,000 झालं, आणि तेही कमीच. पण तीन वर्षांनी काय होणार हे पहिल्या दिवशी कागदावर असतं. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला पुढच्या जूनचंही माहीत नसतं.

केंद्राच्या चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आणि 'फिक्स्ड टर्म' हा शब्द थेट कायद्यात बसला. लेखी करार, ठरावीक मुदत, परमनंटइतकाच पगार आणि सुविधा, एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. सात महिनेवाल्याच्या मानाने हे बरं दिसतं, पण ग्रॅच्युइटीसाठी एक वर्ष लागतं, म्हणून करार अकरा महिन्यांचे होतील हे सांगायला ज्योतिषी नको. मुदत संपून जाणं ही कामगारकपात धरलेली नाही. काम बारमाही असेल तर अशी नेमणूक करू नये, अशी अटही नाही. शिवाय स्थायी आदेशांचं प्रकरण आता 300 किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांनाच लागू. महाराष्ट्रात ही मर्यादा 50 होती. मधल्या आकाराच्या कारखान्यांत 4-सी सारखं कलम वापरायचं म्हटलं तर पायच निघून गेला.

आमच्या मते दुरुस्ती दोन ठिकाणी हवी. पहिली किमतीत. तात्पुरता माणूस स्वस्त आहे म्हणून तो बारमाही कामावर येतो. समान कामाला तात्पुरत्यालाही वेतनश्रेणीचा किमान पगार द्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये जगजित सिंग प्रकरणात सांगितलंय. ते पाळणं ही सुरुवात झाली. ऑस्ट्रेलियात कॅज्युअल कामगाराला पगारी रजा वगैरे मिळत नाहीत म्हणून ताशी दर साधारण 25 टक्के जास्त द्यावा लागतो. अनिश्चिततेचे पैसे तिथे मालक मोजतो. सणाच्या गर्दीत, बॉयलरच्या दुरुस्तीत, ऊसतोडणीच्या हंगामात तात्पुरती माणसं लागणारच. त्यांचा दर चढा असेल तर ती खरोखर तात्पुरत्या कामालाच घेतली जातील.

दुसरी दुरुस्ती पदात. एकाच कामाची, जवळपास तेवढ्याच माणसांची निविदा लागोपाठ तीन वेळा निघाली की तेवढी पदं आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, आपोआप आली पाहिजेत. भरती जाहिरात देऊन, आरक्षण पाळून, खुल्या स्पर्धेने व्हावी. त्या कामावर आधीपासून असलेल्यांना वयाची सूट आणि दर वर्षाच्या अनुभवाचे गुण द्यावेत. अभ्यास करणाऱ्या मुलीचाही हक्क राहतो, दहा वर्षं झाडू मारलेल्या बाईचाही. सगळे जुने लोक यात टिकणार नाहीत, हे आधीच सांगायला हवं. 'सरसकट कायम करा' ही घोषणा म्हणून आम्हाला पटत नाही; ती मान्य झाली तरी पुढच्या वर्षी त्याच जागी नवे कंत्राटी उभे राहतात, कारण जागा मोजली गेलेली नसते.

जागा मोजण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या नगरपालिकेकडे किंवा जिल्हा रुग्णालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करता येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा. मागायचं एवढंच: सफाईच्या कामाच्या मागच्या दहा वर्षांतल्या निविदा, प्रत्येकीतली कामगारसंख्या, दिलेल्या मुदतवाढीचे आदेश आणि सध्याच्या आकृतिबंधात त्या कामासाठी मंजूर असलेली पदं. विषय एकच धरला जावा म्हणून सुरक्षारक्षकांचा अर्ज वेगळा करावा, नाहीतर तेवढ्या कारणावरून तो परत येतो.